‘मृत्युंजय’, ‘स्वामी’ झालं. आता वर्षभर काय वाचावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाति’ वाचून झाल्यात. ‘कोसला’ दोनदा हातात घेतली आणि दोन्ही वेळा साठ-सत्तर पानांत सुटली. नोकरी सांभाळून रोज पाऊण तास मिळतो. वर्षभरात दहा-बारा चांगल्या मराठी कादंबऱ्या वाचायच्या तर कोणत्या, आणि कुठून सुरुवात करायची?

नावं कुणीही सांगेल. साहित्य अकादमीच्या पुरस्कारांची यादी काढली तरी दोन वर्षांची बेगमी होते. घोटाळा होतो तो क्रमात. ‘मृत्युंजय’ (१९६७), ‘स्वामी’ (१९६२) आणि ‘ययाति’ (१९५९) या तिन्हींत गोष्ट वाचकाला आधीच ठाऊक असते. कर्णाचं काय होणार, माधवराव ऐन तारुण्यात जाणार, हे माहीत असूनच आपण पान उलटतो, आणि लेखक आपल्याला भाषेच्या जोरावर पुढे नेतो. या सवयीवर थेट ‘कोसला’ घेतली की वाचक बिचकणारच, कारण तिथे ओळखीची गोष्ट नाही आणि भाषेला जरीकाठही नाही. म्हणून मधे दोन-तीन पुस्तकं अशी हवीत, की ज्यांत पानं कमी, भाषा साधी आणि गोष्ट मात्र सरळ पुढे सरकणारी.

आधी वेळेचा हिशेब. पाऊण तासात प्रमाण मराठीतली वीस-बावीस पानं आरामात होतात. बोलीतली कादंबरी असेल तर बारा ते पंधरा, त्याहून जास्त ओढू नये. महिन्यातले वीस दिवस वाचन झालं असं धरलं तर महिन्याला साधारण चारशे पानं पडतात. खाली सांगितलेलं सगळं यात बसतं आणि थोडी जागा उरते.

सुरुवात विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने (१९३९) करा. जेमतेम सव्वाशे पानांची कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस. त्याची हॅर्टा या ज्यू मुलीशी ओळख होते. तो मुंबईला उतरणार. तिला त्याच बोटीनं पुढे पूर्वेकडे जायचंय आणि तिथे कोण आसरा देईल याची शाश्वती नाही. म्हणजे या प्रेमाला किती दिवस मिळणार, हे बोटीच्या वेळापत्रकानं आधीच ठरवून टाकलंय. लोक ही कादंबरी निव्वळ प्रेमकथा म्हणून वाचतात आणि डेकवरच्या इतर माणसांची पानं भराभर उलटतात. तसं करू नका. कोण कुणाशेजारी बसतो, कोण कुणाला टाळतो, आपल्या लोकांची आपापसातली बोलणी कशी चालतात, खरं रणांगण तिथे आहे. ही दोन, फार तर तीन बैठकांत संपवायची. आठवडाभर रेंगाळत वाचली तर बोटीवरचा कोंडमारा विरून जातो.

त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). तीही एवढीच. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, शाळा धरतो, तालीम बांधायचं मनावर घेतो, आणि मग दुष्काळ येतो. एवढंच कथानक. इथे अडतं ते ‘पुढे काय होणार’ या ओढीनं वाचणाऱ्यांचं. प्रत्येक प्रकरण एखादं माणूस दाखवतं आणि सोडून देतं. ते पुढे परत येईलच असं नाही. माडगूळकर विशेषणं फार कमी वापरतात, हे पहिल्या दहा पानांत लक्षात ठेवून वाचा. ‘स्वामी’च्या भाषेची सवय मोडायला याच्याइतका बिनदुखापतीचा उपाय नाही. अमोल पालेकरांचा सिनेमा कादंबरीनंतर बघा, आधी नको.

तिसरी, नोकरदार वाचकाला हमखास धरणारी: प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ (१९८१). विश्वनाथ मेहेंदळे हा सिव्हिल इंजिनिअर सीमेवर रस्ते बांधणाऱ्या संघटनेत दाखल होतो आणि हिमालयातल्या कड्यात रस्ता कोरायच्या कामावर जातो. लष्करी शिस्त एकीकडे, इंजिनिअरचं गणित दुसरीकडे. वरिष्ठांचा हुकूम चुकीचा आहे हे आकडेमोडीनं दिसत असताना खालच्या माणसानं काय करायचं, हा पेच ऑफिसात बसणाऱ्या कुणालाही परका वाटणार नाही. भिंत, सुरुंग, दरड यांची तांत्रिक वर्णनं गाळू नका. शेवटाकडे जे घडतं त्याचा सगळा भार त्या वर्णनांवर आहे.

या तिन्ही झाल्या की मग भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३), तिसऱ्यांदा. आधी ती का सुटली असेल? बहुतेकांची पुण्यातल्या वसतिगृहात सुटते: मेस, गॅदरिंग, सेक्रेटरीपणा, फुकट गेलेले पैसे. वाचक म्हणतो, हे सगळं कशाला सांगतोय? तर पांडुरंग सांगवीकर ते सगळं सांगण्यालायक नाही असं दाखवतच सांगतो. त्याचं पालुपद बघा, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. पंचविशीतला पोरगा स्वतःचं आयुष्यसुद्धा उदाहरणादाखल सांगतो आणि कुठलंही वाक्य ठामपणे संपवत नाही. ही लकब नेमाड्यांची नाही, पांडुरंगाची आहे. तेवढं ध्यानात आलं की निम्मा वैताग जातो आणि हसू यायला लागतं. मुळात ही विनोदी कादंबरी म्हणून वाचायला घ्या. गंभीर व्हायची वेळ कादंबरीच आणते. धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू येतो तिथे त्याच तुटक भाषेचं काय होतं ते वाचल्याशिवाय पुस्तक सोडायचं नाही, एवढी एकच अट. मधे रोजनिशी लागते. तिच्यातल्या तारखा जुळवत बसू नका. वेग रोज पंधरा पानं. एका रविवारी शंभर पानं रेटणाऱ्यांचीच ती जास्त सुटते. आणि तरीही नाही जमली, तर अपराध्यासारखं वाटून घेऊ नका; पुढचं काहीही तिच्यावर अवलंबून नाही.

जमली तर मात्र लगेच नेमाड्यांचीच ‘हिंदू’ मागवू नका. सहाशेच्या आसपास पानं, आणि तिचा पसारा समजायला अगोदर ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ यांतला मधला प्रवास माहीत असलेला बरा. या तिन्हींचा नायक चांगदेव पाटील पहिल्यांदा भेटतो तो ‘बिढार’मध्ये (१९७५). पुढच्या वर्षासाठी तेवढी नोंद करून ठेवा.

आता बोलीतल्या कादंबऱ्या. इथे उत्तर जरा लांबणार, कारण मराठी कादंबरीचा सगळ्यात भरघोस ऐवज इथे आहे आणि वाचक सगळ्यात जास्त गळतात तेही इथेच. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०), आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१), रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१). वऱ्हाड, कोल्हापूरकडचा भाग आणि मराठवाडा. तिन्ही एकापाठोपाठ एक वाचू नका. तीन वेगवेगळ्या बोली कानात कालवल्या जातात, आणि तिन्हींतलं दैन्य एकसारखं वाटू लागतं, जे ते नाही.

एकच निवडायची तर ‘धग’. शिंपी घरातली कौतिक, कामाला नाखूश नवरा महादेव, पोरं, आणि घर उभं ठेवायचा तिचा हट्ट. शेळक्यांनी निवेदन प्रमाण भाषेत ठेवलंय आणि संवाद वऱ्हाडीत. त्यामुळे दर चार-सहा ओळींनी पायाखाली ओळखीची जमीन येते. बोलीतलं पहिलं पुस्तक म्हणून ती सोपी पडते ती यामुळे. वऱ्हाडीच्या तीन खुणा आधी समजून घ्या. ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो: मले, तुले, कायले. ‘ळ’चा बऱ्याचदा ‘य’ होतो: डोयाले म्हणजे डोळ्याला, काया म्हणजे काळा. आणि चालू असलेली क्रिया ‘राहणे’ लावून सांगतात: ‘तो जाऊन राहिला’ म्हणजे तो जातोय, निघून गेला आणि तिकडेच राहिला असा त्याचा अर्थ नाही. ही तिसरी खूण न कळल्यामुळे पुण्या-मुंबईकडचे वाचक काही ठिकाणी प्रसंगच उलटा समजतात. पहिले दोन-तीन संवाद मोठ्यानं वाचा. डोळ्यांना जे अडतं ते कानाला अडत नाही. शब्दकोश जवळ घेऊन बसायची गरज नाही. एखादा शब्द तीनदा आला की संदर्भानं कळतो, आणि एकदाच आला तर तो न कळल्यानं बिघडत नाही.

‘गोतावळा’ आणि ‘पाचोळा’ यांत ही सवलत नाही. दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत निवेदकाच्या बोलीत. ‘गोतावळा’त शेतावरचा गडी नारबा बोलतो आणि त्याचं सगं-सोयरं म्हणजे मळ्यातली जनावरं, यंत्र येतं तसा तो गोतावळा विस्कटत जातो. ‘पाचोळा’ गंगाराम शिंप्याची बायको सांगते. गावातल्या एका छोट्याशा ताणातून घर कसं पडत जातं, हे ती ज्या चालीत सांगते तिला मधे थांबा नाही. ‘धग’नंतर दोन महिन्यांनी यातली एक घ्या, दुसरी पुढच्या वर्षी. ही पुस्तकं कुणी नीट वाचून ध्वनिमुद्रित केलेली मिळाली तर ऐकून झाल्यावर वाचणं सोपं जातं. परदेशात वाढलेल्या, मराठी समजणाऱ्या पण सावकाश वाचणाऱ्या मुलांसाठी तर हाच मार्ग धरा.

‘धग’नंतर लगेच आणखी एक दुःखाची कादंबरी नको. यादी कोलमडते ती इथेच: ‘चांगली’ म्हणून सुचवलेली चारही पुस्तकं पाठोपाठ रडवतात आणि पाचव्या महिन्यात वाचक थ्रिलरकडे वळतो. त्याचा दोष नाही. इथे मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) ठेवा. नववीतला मुकुंद जोशी, त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर, बाहेर आणीबाणी. तीनशेच्या आसपास पानं चार-पाच दिवसांत उडतात. वाचून झाल्यावर एकदा मागे जाऊन बघा, आणीबाणीचा उल्लेख कुठे कुठे आणि किती ओझरता येतो. मुलांच्या कानावर राजकारण जेवढं पडतं तेवढंच लेखकानं आत येऊ दिलंय.

पावसाळ्यासाठी मोठं काम राखून ठेवा: श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७). दोन खंड, मिळून चौदाशेच्या घरात पानं, खोतांच्या चार पिढ्या, जगबुडी नदीकाठचं गाव. तुमच्या वेगानं हे साडेतीन महिन्यांचं पुस्तक आहे. जूनच्या मध्यावर धरलं तर नवरात्राच्या आसपास संपेल. ग्रंथालयातून घेणार असाल तर दोन्ही खंड एकदमच मागा. पहिला संपतो तेव्हा दुसरा हमखास कुणाकडे तरी अडकलेला असतो, आणि मधे महिना गेला की नावं पुसली जातात. पहिल्या दिवसापासून एका पाठकोऱ्या कागदावर वंशावळ काढत जा: नाव, कुणाचा कोण, आणि प्रत्येकाची एखादी खूण. पन्नासेक पानांनंतर तो कागद कमी लागतो, पण पिढी बदलते तिथे परत लागतो. मधले काही भाग पसरट आहेत, विशेषतः दुसऱ्या खंडात. तिथे वेग वाढवला तरी चालतं. आणि एक खुलासा: २०१८च्या ‘तुंबाड’ सिनेमाशी याचा संबंध नावापुरताच. सोन्याची नाणी शोधत इकडे आलात तर निराश व्हाल. एवढं मोठं झेपणार नसेल तर पेंडशांचीच ‘रथचक्र’ (१९६२) घ्या. एका बाईची जिद्द, मोजकी पात्रं, आणि पेंडसे म्हणजे काय ते तेवढ्यातही कळतं.

‘तुंबाडचे खोत’ चालू असताना शेजारी एखादं बारीक पुस्तक हवंच. दि. बा. मोकाशींची ‘आनंदओवरी’ (१९७४) त्यासाठी चांगली. तुकोबा नाहीसे झाल्यावर धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत, आठवत बोलतो. चमत्कार खरा की खोटा या वादात कादंबरी पडत नाही. घरातलं माणूस संत झालं की घरच्यांच्या वाट्याला काय येतं, एवढंच ती बघते. गाथेतले काही अभंग आधीपासून कानावर असतील तर दुप्पट मिळते.

बायकांनी लिहिलेलं या यादीत उशिरा येतंय ते केवळ क्रमाच्या सोयीनं. गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’ (१९८०) या पुस्तकात तीन लघुकादंबऱ्या आहेत. त्यांतल्या ‘कारावासातून पत्रे’पासून सुरुवात करा. नायिका शिकलेली, फटकळ, परदेशात राहिलेली, आणि स्वतःच्या चुका इतरांच्या आधी ओळखणारी. काहींना ही माणसं फार सुखवस्तू वाटतात आणि ते पुस्तक मिटतात. आक्षेप खोटा नाही. पण लग्न, मैत्री आणि एकटेपणा यांविषयी इतकं बिनधास्त आणि इतकं नेमकं त्याआधी मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नव्हतं. लगोलग कविता महाजनांची ‘ब्र’ घ्या, म्हणजे दुसरं टोक दिसेल. ७३व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत बायकांना राखीव जागा मिळाल्या. त्या जागांवर निवडून आलेल्या आदिवासी सरपंच बायांचं प्रत्यक्षात काय झालं, ते एका स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्या प्रफुल्लाच्या नजरेतून. माहिती खूप आहे आणि ती लपवलेलीही नाही, त्यामुळे काही पानं अहवालासारखी वाटतात. ती अहवाल म्हणूनच वाचा; माणसं त्यांतूनच पुढे येतात.

हमीद दलवाईंची ‘इंधन’ (१९६५) फार कमी लोक मागतात, आणि ती मागायला हवी. कोकणातलं मुसलमान आणि हिंदू वस्तीचं गाव, बऱ्याच वर्षांनी परतलेला निवेदक, आणि जुन्या, बारक्या बारक्या कुरबुरींतून पेट घेणारी दंगल. लेखक कुणाचीच बाजू सावरत नाही, स्वतःच्या निवेदकाचीही नाही. पानं मोजकीच, पण एका दमात वाचू नका. नाती आणि जुनी भांडणं पहिल्या एक-तृतीयांश भागातच पेरून ठेवलीत, ती निसटली तर शेवट अचानक आल्यासारखा वाटतो.

धरणाच्या विषयावर दोन कादंबऱ्या जोडीनं वाचता येतात. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) पुनर्वसनाची सगळी यंत्रणा उलगडून दाखवते: सर्वे, नोटिसा, दलाल, कार्यालयांतले हेलपाटे. कृष्णात खोतांची ‘रिंगाण’, जिला २०२३चा अकादमी पुरस्कार मिळाला, तोच विषय विस्थापित झालेल्या माणसाच्या आणि मागे सुटलेल्या म्हशीच्या पातळीवर आणते. ही म्हैस आता माणसाळलेली राहिली नाही, रानटी झाली. आणि माणूस तिला परत न्यायला आलाय. आधी ‘झाडाझडती’, मग ‘रिंगाण’. उलट क्रमानं वाचलं तर ‘झाडाझडती’ लांबलचक वाटते.

वर्षअखेरीला नंदा खरे यांची ‘उद्या’. भविष्यातला भारत, पाळत, कंपन्या, घटलेल्या मुली. खरे पेशानं स्थापत्य अभियंते. यंत्रणा कशी चालते याचं त्यांना कुतूहल होतं, आणि ते कथेच्या आड येतं असं काहींचं म्हणणं. पहिली चाळीस पानं सुटी सुटी वाटतील, धागे नंतर जुळतात. या कादंबरीला २०२०चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला.

पहिल्या वर्षात काय नको तेही सांगतो. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) महत्त्वाची, पण संज्ञाप्रवाहाचा, म्हणजे मनातल्या विचारांचा ओघ जसाच्या तसा मांडण्याचा, प्रयोग म्हणून; अभ्यासाला बसाल तेव्हा घ्या. श्याम मनोहरांची ‘कळ’ही थांबवा, त्यांची ‘हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव’ (१९८३) आधी. त्यांचा विनोद पचला की बाकीचं पचतं. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) ‘कोसला’ आवडली असेल तरच.

ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ मात्र वर्षभर बाजूला चालू ठेवा, रोजच्या कोट्याबाहेर. १८९०पासून ती ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. आठवड्याभरात वाचक काय विसरेल याचा अंदाज घेत लिहिलेलं असल्यामुळे सलग वाचताना पुनरुक्ती टोचते. आठवड्याला एक-दोन प्रकरणं वाचली तर तीच पुनरुक्ती सोयीची होते. भाषा सव्वाशे वर्षांपूर्वीची असूनही कथा सांगणाऱ्या यमूचं बोलणं कुठे अडत नाही. आपटे १९१९ साली गेले, त्यामुळे मजकूर स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झालाय आणि फुकट मिळतो. फक्त संक्षिप्त आवृत्ती नाही ना, ते बघून घ्या.

विकत घेताना एक तपासणी दुकानातच करा. पुस्तकं बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांत छापून बांधतात; फर्मा गळला किंवा दुबार लागला तर एकदम सोळा पानं जातात. म्हणून १६, ३२, ४८ अशा पानांपाशी क्रमांक सलग आहेत का ते बघा, मिनिटभराचं काम. फुटपाथवर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या गाजलेल्या कादंबऱ्यांच्या प्रती बऱ्याचदा चोरून छापलेल्या असतात: अक्षर फुटलेलं, समास तिरका, शेवटची ओळ कापलेली. बोलीतली कादंबरी तर अशा प्रतीत अजिबात घेऊ नका. तिथे अनुस्वार पुसला गेला तर तो छपाईचा दोष की बोलीचं रूप, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग राहत नाही.